लाकडाअलीकडे राहिलेला कागद

लोबात्से,
रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय सेईपोने,

कागदावर लिहिलेलं पत्र बघून तुला आधी हसू येईल आणि मग धसका बसेल, की दितिरोला काही झालं की काय. काही झालेलं नाही. गुडघे कुरकुरतात, आमच्या पाकोची बायको मला चहात साखर घालू देत नाही, बाकी सगळं ठीक आहे. फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू "काय गं म्हातारे" म्हणालीस की माझा धीर सुटतो आणि मी टोमॅटोच्या भावावर बोलत बसते. बावीस वर्षं मी तुझ्याशी टोमॅटोच्या भावावर बोलते आहे. सगळा जन्म ऑफिसात गेलेल्या बाईला जे तोंडाने जमत नाही ते कागदावर जमेल असं वाटलं, म्हणून कागद घेतला. हा पाचवा आहे. आधीचे चार चुलीत गेले.

तुझ्या तुमिसांगला सातवा महिना लागल्याचं कळलं. मला कुणी सांगितलं म्हणशील, तर तुझ्या आईने. रागावू नकोस, मी मोशुपाला गेले होते, तीन आठवडे झाले. आमच्या चर्चच्या बायकांची सभा होती, बस सुटायला अवकाश होता, पाय तुमच्या घराकडे वळले. आई अंगणात चवळी सोलत बसली होती. एक्याऐंशीची झाली तरी हाताचा वेग तसाच आहे. तिने मला सगळं सांगितलं. पोरीच्या ऑफिसात चौदा आठवड्यांची भरपगारी रजा आहे, अर्ज फोनवरच भरतात, आणि जावयालासुद्धा दहा दिवस सुटी मिळते. "दहा दिवस तो पुरुष करणार काय?" ती म्हणाली. "बाळंतिणीच्या फाटकात लाकूड आडवं पडलं की बाहेरच्याने आत यायचं नसतं. लाकडाबाहेर खुर्ची टाकून बसू दे. कोंबड्या तरी हाकलेल." मी हसले. मग तीच थांबली आणि म्हणाली, "पण लाकूड आमच्या फाटकात पडायचंच नाही. सेईपोने नाही म्हणालीय." तू फोनवर तिला काय म्हणालीस ते तिने शब्दन् शब्द सांगितलं, शेंगा सोलायचं न थांबवता. तू म्हणालीस, "माझी मुलगी तुझ्या त्या लाकडाआड यायची नाही, आई. मी एकदा आले होते. तू माझी नोकरी फाटकातून हाकलून दिलीस." म्हणजे पोर गॅबोरोनीच्या फ्लॅटमध्ये बाळंत होणार, पैसे देऊन बाई ठेवणार, आणि तुझी आई पणतवंडाला फोटोत बघणार.

सेईपोने, त्या वाक्यात एक चूक आहे, आणि ती तुझी नाही. सरळ लिहायला बसले की हात थांबतो, म्हणून जरा मागून येते. वाचता वाचता चिडलीस तरी पत्र फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच. मग हवं तर फाड.

कारखाना आठवतो ना? आता तिथे गुरांच्या खाद्याचं गोदाम आहे. जिथे आपण शाळांचे गणवेश शिवायचो तिथे पोती रचलेली असतात आणि उंदीर माजलेत. तू कटिंगच्या लांब टेबलाशी असायचीस, आणि मी काचेआडच्या खोलीत, हजेरी, रजा आणि लोकांच्या तक्रारी घेऊन. एका वेळी चाळीस थर कापड तू कापायचीस आणि एक दोरा इकडचा तिकडे व्हायचा नाही. पुढच्या वर्षी कटिंगची मुकादम तूच होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तुला तर सगळ्यात जास्त ठाऊक होतं, कारण तू आतापासूनच पोरींवर ओरडायला लागली होतीस.

त्याच वर्षी पाकोचे वडील रस्त्यावरच्या अपघातात गेले. पंधरा दिवसांनी मी काळा झगा आणि काळी शाल घालून कामावर आले. वर्षभर ते अंगावर राहणार होतं. वाईट कुणीही बोललं नाही. फक्त जेवणाच्या खोलीत मी बाकावर बसले की शेजारच्या बायकांना एकदम आठवायचं की आपल्याला पलीकडे बसायचं होतं. नवरा नुकताच पुरलेल्या बाईचे पाय गरम असतात, ती जिथे जाईल तिथलं वासरू, पीक, तान्हं मूल काहीही सुकू शकतं, असं त्यांना त्यांच्या आयांनी शिकवलं होतं. मलाही माझ्या आईने शिकवलं होतं, आणि मीही पूर्वी अशीच ताट उचलून पलीकडे गेलेली आहे. महिनाभर मी एकटी जेवले. मग एके दिवशी तू आलीस, तीन महिन्यांची पोटुशी बाई, आणि धपकन माझ्या शेजारी बसून सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालीस, "दितिरो, तुझे पाय एवढे गरम आहेत म्हणतात, तर माझी लापशी जरा त्यावर ठेव. गार झालीय मेली." सगळी खोली हसली. मीही हसले, नवरा गेल्यावर पहिल्यांदा. त्या दिवसापासून तू रोज तिथेच बसलीस. हे मी मुद्दाम लिहिते आहे. तू विसरली असशील, पण पुढचं वाचताना हे तुझ्यासमोर असावं.

तुझं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलेलं, म्हणून आईने आधीच बजावलं होतं की या वेळी रजा लागल्याबरोबर मोशुपाला यायचं आणि बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत पाऊल बाहेर टाकायचं नाही. कायद्याने तेव्हा सहा आठवडे आधी आणि सहा आठवडे नंतर मिळायचे. सरकारचे सहा आठवडे आणि आपल्या आयांचे तीन महिने यांचा मेळ कधी बसलाच नाही. बायका मधल्या दिवसांसाठी दवाखान्यातून चिठ्ठ्या आणायच्या आणि मी त्या डोळे झाकून फाइलला लावायचे. पण त्यावर कारखान्याचा स्वतःचा एक नियम होता. मूल झाल्यावर तीस दिवसांच्या आत आईने एका फॉर्मवर सही करायची, आणि तीही ऑफिसच्या माणसासमोर. कधीकाळी कुणीतरी मूल न होताच रजा घेतली होती म्हणून हा नियम आला, असं आमचे साहेब रा मोत्सुमी सांगायचे. ती बाई कोण, ते कधी कुणाला कळलं नाही. गावातल्या बायका पंचविसाव्या-सव्विसाव्या दिवशी डोक्यावरून घोंगडी घेऊन चोरासारख्या कारखान्याच्या दारात यायच्या, सही करायच्या आणि पळायच्या. तुला ते जमणार नव्हतं. शेवटच्या दिवशी तू कात्री माझ्या टेबलावर ठेवलीस, "ही सांभाळ, दुसरीच्या हातात दिसली तर बोटं कापीन" म्हणालीस, आणि त्या फॉर्मचं विचारलंस. मी म्हणाले, "कागदाचं मी बघते. तू फक्त बाळाचं बघ." मी म्हणाले होते. तू मागितलं नव्हतंस.

सत्ताविसाव्या दिवशी रा मोत्सुमींनी मला बोलावलं. "म्मा-पाको," पाकोची आई म्हणून हाक मारत ते म्हणाले, "मोशुपाला तुम्हीच जाऊन या. मी पुरुष माणूस. ती म्हातारी मला बघितल्याबरोबर मुसळ घेऊन धावेल. तुम्ही बाईमाणूस आणि वर मैत्रीण." माझ्या अंगावर काळं होतं. आठ महिने ते माझ्या अंगावर बघून त्यांना ते दिसेनासं झालं होतं. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, "रा, मला त्या फाटकाशी उभंसुद्धा राहता येणार नाही, दुसरी कुणी पाठवा." कटिंगमधली कुठलीही पोर नाचत गेली असती. एका वाक्याचं काम होतं. पण आठ महिने मी त्या ऑफिसात जिवाच्या आकांताने हेच दाखवत होते की माझं काही बदललेलं नाही, मी इतर चौघींसारखीच कामाची आहे. तेव्हा "नाही" म्हटलं असतं तर माझ्याच तोंडाने कबूल केल्यासारखं झालं असतं की माझे पाय गरम आहेत. म्हणून मी म्हणाले, "जाते, रा."

हो, सेईपोने. मी आले होते. तुझ्या आईने ज्याला हाकललं असं तू बावीस वर्षं समजतेस तो माणूस मी. आणि तिने मला हाकललं नाही.

बस अकराच्या सुमारास पोचली. उन्हात चालत तुमच्या घरापर्यंत आले. फाटकात ते लाकूड आडवं टाकलेलं होतं, साल सोललेलं बाभळीचं, मांडीएवढं जाड. आत चूल पेटलेली होती, आंबट लापशीचा वास येत होता, आणि खोलीतून बाळ रडत होतं. नुकतं पोट भरायला मागणारं, चांगलं दणदणीत रडणं होतं. मी पिशवीतून फॉर्म काढला, पेन काढलं. आणि मग खाली बघितलं तर माझे काळे बूट त्या लाकडापासून हातभर अंतरावर होते. मला तुझं पहिलं बाळ आठवलं. मला वाटलं, याला उद्या काही झालं तर? मग मी काय करीन, कुणाला तोंड दाखवीन? समोरच्या घरातली एक बाई पाण्याचा डबा डोक्यावर घेऊन चालली होती, ती माझ्या कपड्यांकडे बघून थबकली. मी फॉर्म पिशवीत टाकला आणि मागे फिरले. हाकसुद्धा मारली नाही. जास्तीत जास्त पाच मिनिटं मी तिथे उभी असेन. बसमध्ये मी स्वतःला सांगितलं की नोकरी पुन्हा मिळेल, मूल मिळणार नाही. ते तेव्हा मला खरंच वाटत होतं आणि त्याबद्दल मी तुझी माफी मागत नाही. खोटं त्याच्या पुढे सुरू झालं.

फॉर्मच्या मागे एक रकाना होता, भेटीचा तपशील. मी "हिंमत झाली नाही" असं लिहायला हवं होतं. मी लिहिलं, "प्रतिनिधीस प्रवेश मिळाला नाही." वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. कारकुनी करून करून माणूस असली वाक्यं लिहायला शिकतो. रा मोत्सुमींनी ते वाचलं आणि हसले. "हाकललं ना म्हातारीने? मला ठाऊकच होतं." मी मान हलवली असावी. हलवली. इतकी वर्षं मी स्वतःपुरतं "असावी" म्हणत आले आहे, पण हलवली. माझा बेत होता की अजून तीन दिवस आहेत, उद्या कटिंगमधल्या एखादीला गुपचूप फॉर्म देऊन पाठवू. पण साहेबांना ती जागा त्यांच्या पुतणीसाठी हवी होती हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांनी मला दुसरा फॉर्म काढू दिला नाही. एकतिसाव्या दिवशी सकाळी त्यांनी मजकूर सांगितला आणि मी तो टाइप केला. "आमचे प्रतिनिधी आपल्या घरी आले असता त्यांना आत घेण्यात आले नाही. मुदतीत सही न मिळाल्याने आपण स्वेच्छेने नोकरी सोडली असे समजण्यात येत आहे." तुझं नाव मीच टाइप केलं. पाकिटाला तिकीट मीच लावलं.

तू आलीस तेव्हा तुमिसांगला चौथा महिना लागला होता. तू तिला पाठीला बांधून, घामाघूम होऊन माझ्या काचेशी उभी राहिलीस. तुला वाटलं होतं की मी कागदाचं बघते म्हणाले आहे तेव्हा कुठेतरी काहीतरी घोटाळा झाला असेल आणि मी तो निस्तरीन. तू विचारलंस, "कोण आलं होतं गं?" मी म्हणाले, "साहेबांनी पाठवलं होतं कुणालातरी." मग तू स्टुलावर बसलीस आणि म्हणालीस, "आईच. ती कुणाला सोडते? पाळकाला हाकललंय तिने त्या फाटकातून, माझ्या सख्ख्या काकाला हाकललंय. आणि आता तोंडावर सांगते, मी कुणाला हाकललं नाही म्हणून. खोटं बोलते दितिरो, माझ्या तोंडावर." मी फाइल उघडली आणि बंद केली. म्हणाले, "आता काही करता येणार नाही." तू बाळ पाठीवरून सोडून माझ्यापुढे धरलंस, घेतेस का म्हणून. मी म्हणाले, हात शाईचे आहेत.

काही करता येणार नाही, असं नव्हतं. कायद्याचं पुस्तक माझ्याच टेबलावर होतं, पान दुमडलेलं होतं. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईला कामावरून काढता येत नाही, मग कारखान्याचा नियम काहीही असो. कामगार अधिकाऱ्याचं ऑफिस आपल्या कारखान्यापासून दोन गल्ल्या पलीकडे होतं. तुझं बोट धरून मी तुला तिथे नेलं असतं तर आठवड्याभरात तू परत कटिंगच्या टेबलाशी असतीस. पण अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला असता, त्या दिवशी गेलं कोण होतं. मग तुझ्यासमोर, साहेबांसमोर, सगळ्या जेवणाच्या खोलीसमोर ते आलं असतं, की विधवा दितिरो काळे कपडे घालून बाळंतिणीच्या फाटकाशी गेली होती. एकच माणूस माझ्या शेजारी बसून जेवत होतं, तेही गेलं असतं, असं मला वाटलं. तू तर तशीही गेलीसच. हे समजायलाही मला फार दिवस लागले.

पुढचं तुला माहीत आहे. बसस्टँडवर माग्विन्या, ते पिठाचे गोळे, तळायला बसलीस, मग गॅबोरोनीला गेलीस, लोकांच्या घरी राबलीस, शेवटी स्वतःच्या मशिनी घेऊन गणवेशाचं दुकान काढलंस. मला अभिमान आहे तुझा, आणि तो बोलून दाखवायला माझी जीभ वळत नाही. तुझ्या त्या कात्रीने साहेबांच्या पुतणीने दोन महिने कापड वाकडं कापलं, तेही तुला कधी सांगितलं नाही. पण आईकडे तू वर्षातून दोनदा जातेस, सणाचं सामान देतेस आणि उजेडाचीच परततेस. तुमिसांग आजीकडे एक रात्र कधी राहिली नाही. आणखी एक सांगते, म्हणजे सगळं सांगून होईल. दोन वर्षांनी कारखान्याच्या बैठकीत मीच उभी राहून म्हणाले की हा सहीचा नियम काढा, सुइणीचा किंवा नर्सचा दाखला पुरे. आणि दूध पाजायला दिवसातून एक तास द्या, कायद्यात आहे. नियम निघाला. तासही मिळाला. बायकांनी टाळ्या वाजवल्या, मला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. ते अजून चालतं, मी लिहिते आहे त्या टेबलासमोरच आहे. नंतरच्या सगळ्या बाळंतिणींना जे मिळालं त्याची किंमत तुझ्या एकटीच्या वाट्याला आली होती.

आता तीन आठवड्यांपूर्वीचं. सभेचं निमित्त होतं, मी आईला सांगायलाच गेले होते. पाकोला मुलगा झाला आणि सुनेच्या माहेरी मला फाटकातून बोलावून आत घेतलं, तेव्हापासून मला हे पोटात ठेववत नाही. आई चवळी सोलत होती. मी म्हणाले, "आई, मला काही सांगायचंय, त्या वेळचं." तिने वर बघितलं नाही. म्हणाली, "काळे बूट होते ना तुझे? पट्ट्याचे?" सेईपोने, तिने मला पाहिलं होतं. ती चुलीमागे बसली होती. मी कागद काढताना, बुटांकडे बघताना, परत फिरताना, तिने सगळं पाहिलं. "बाहेरच्याने हाक मारायची आणि मग आतल्याने उठायचं, असं असतं," ती म्हणाली. "मी तुझ्या हाकेची वाट बघत होते. तू गेलीस. दोन दिवसांनी तान्ह्या पोरीला ताप भरला. आठ दिवस मी तुला मनात काय काय शिव्या घातल्या ते विचारू नकोस. मग ताप उतरला, शिव्याही उतरल्या." मी विचारलं, मग सेईपोनेला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तापाचं खापर तुझ्यावर फुटलं असतं. गावभर झालं असतं. काळं मीही घातलंय पोरी, वर्षभर. त्या कपड्यातल्या बाईला लोक काय म्हणतात ते मी ऐकलंय. आणि पत्र आलं तोवर नोकरी गेलीच होती. लोबात्सेत तिला तू एक मैत्रीण होतीस. नोकरी गेली, वर मैत्रीणही कशाला घालवू? आईचं काय, आई कुठे जात नाही." तिला ठाऊक नव्हतं, सेईपोने, की माझं नाव घेतलं असतं तर नोकरी परत आली असती. मला ठाऊक होतं. मी रडायला लागले तेव्हा तिने चवळीचं सूप माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "रडतेस कशाला, सोल. पण एक विचारू? तू तो कागद लाकडावर ठेवून हाक का नाही मारलीस? मी उचलून आत नेला असता. तिला खिडकीशी आणून तुझ्यासमोर सही करवली असती. अगं, गरम पाय तुझे होते. कागदाला कुठे पाय होते?"

सोबत तो फॉर्म पाठवते आहे. दुमडून दुमडून घडीवर फाटलाय, पण मागचं माझं अक्षर वाचता येतं आणि तुझ्या सहीची जागा अजून कोरी आहे. तुझ्यापुढे ठेवायला माझ्याजवळ एवढंच आहे. मला क्षमा कर असं लिहिणार होते, चारही कागदांवर लिहिलं होतं, या खेपेला लिहीत नाही. ते मागायला हे पत्र नाही. आईने मला बजावलंय की तुला सांगायचं नाही, झालं गेलं ते गेलं म्हणून. मी उठले तेव्हा मला घराच्या मागे घेऊन गेली. तेच लाकूड तिने शेडमधून काढून, घासून, तेल लावून भिंतीला उभं केलंय. "पडून पडून वाळवी लागते, म्हणून," म्हणाली. कुणाच्या वाटेकडे डोळे लावलेत हे ती कधी बोलायची नाही. तुमिसांगच्या रजेला आता कुणाची सही लागत नाही, त्या फाटकाशी कुणी कागद घेऊन येणार नाही. पोरीला मोशुपाला ने. मी तिकडे फिरकणार नाही, तू बोलावल्याशिवाय नाही. आणि नेण्याच्या आधी, हे वाचून झाल्याबरोबर, आईला फोन कर. माझं नाव घेतलं नाहीस तरी चालेल, घेतलंस तरी चालेल. तिला एवढंच म्हण, "आई, तू कुणाला हाकललं नव्हतंस." बावीस वर्षं हे वाक्य ती एकटीच म्हणते आहे. एकदा तिला ते तुझ्या तोंडून ऐकू दे.

तू ठेवशील तर अजून तुझीच,
दितिरो